खुर्चीची उंची

खुर्चीला चार पाय होते, दोन हात, एक पाठ आणि एक चिठ्ठी : ‘माणूस आणि निसर्ग. ताज्या फांद्या. उंची ९० सेंमी.’

शिल्पकार पोरीच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनात कलादालनाचे व्यवस्थापक टेप घेऊन आले.

“अगं, ही चार सेंटिमीटर जास्त भरतेय. चिठ्ठीशी माप जुळत नाही, काढावी लागेल. नियमात बसत नाही.”

“काका, खुर्ची आहे ती. ती कशाला बसेल?” ती हसली.

काका पुन्हा मोजायला वाकले. पाठीच्या टोकाशी टेप थबकली. तिथे दोन पानांचा कोंब फुटला होता.

“अरेच्चा! ही तर वाढतेय!”

त्यांनी पेन काढलं, जुना आकडा खोडला आणि लिहिलं : ‘उंची आज ९४ सेंमी.’