गाळलेली ओळ

यशोधनचं बोलून झालं, तरी गोलात मांडलेल्या अकरा खुर्च्यांवरची माणसं त्याच्याकडेच वळून बसली होती.

अमेरिकेतल्या डब्लिन गावातल्या हॉटेलची ती बैठकीची खोली. गावोगावच्या नगरपालिकांमधून गांजाच्या दुकानांना आणि लागवडीच्या शेडना परवाने देणारी ही माणसं वर्षातून एकदा भेटत. बहुतेकांच्या ऑफिसात हे काम बघणारा माणूस एकच. विचारायचं कोणाला, रडायचं कोणापुढे? म्हणून दुपारचा एक तास त्यासाठीच राखलेला असे. मनातलं बोलायचं आणि कोणी कागदावर काही उतरवायचं नाही, एवढाच नियम.

यशोधनच्या गावात शेडमधल्या बंद खोलीत एक कामगार मेला होता. रोपं जोमानं वाढावीत म्हणून त्या खोल्यांत कार्बन डायऑक्साइड सोडतात. नळी गळली. त्या वायूला ना वास, ना रंग. वायू वाढला की वाजणारा अलार्म त्या खोलीत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीच यशोधननं ती खोली तपासून पास केली होती.

“फॉर्मवरची एकूणएक ओळ मी तपासली होती,” तो म्हणाला होता.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “मग तुझा काय दोष? आम्हीही तोच फॉर्म वापरतो.”

“आम्हीही,” आणखी दोघं म्हणाले.

समोरच्या खुर्चीतल्या अस्मिताबाई गालिच्याकडे बघत राहिल्या. तो फॉर्म त्यांनी केलेला होता. आठ वर्षांपूर्वी, त्यांच्या गावापुरता. मग कोणी मागितला, कोणी पुढे दिला. कोणी नवं आलं की आधी त्याच्या हातात तो फॉर्म ठेवायचा, अशी रीतच पडली.

तास संपल्यावर यशोधन कॉफीच्या टेबलापाशी त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. त्या सगळ्या गर्दीत मराठी बोलणारी ही दोघंच.

“बघा काकू, याला चहा म्हणतात. कोमट पाणी आणि पिशवी.” तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. “आई नागपुरात सांगते, मुलगा आरोग्य खात्यात आहे. गांजा म्हणायची लाज वाटते तिला. आता पेपरात येईल तेव्हा काय सांगेल?”

“यशोधन,” अस्मिताबाई म्हणाल्या, “त्या फॉर्ममध्ये अलार्मची ओळ होती.”

तोंडाशी नेलेला पेला त्यानं खाली घेतला.

“मीच गाळली. आमच्याकडे ते फायर डिपार्टमेंट बघतं. एकच गोष्ट दोघांनी कशाला तपासायची, म्हणून काढून टाकली. तुला पाठवताना सांगायचं राहिलं. कोणालाच सांगितलं नाही मी. सुचलंच नाही रे.”

यशोधननं हातातला कागदी पेला टेबलावर ठेवला. “आमचे फायरवाले फक्त दुकानं बघतात. शेड माझ्याकडे.”

“वीस गावांत गेलाय तो. आत्ता सगळ्यांना मेल करते.” त्यांनी पर्समधून फोन काढला.

“नको, काकू.”

“अरे, नको काय?”

“सहा आठवड्यांनी माझ्या चौकशीचं हिअरिंग आहे. आमचा वकील एकच गोष्ट सांगणार आहे, वीस गावं जो फॉर्म वापरतात तोच यानं वापरला. तेवढाच एक आधार आहे मला. तुमची मेल गेली की उद्या वीसही गावं फॉर्म दुरुस्त करतील. मग मला विचारतील, सगळ्यांना कळलं ते तुला का नाही कळलं?”

“मग फोन करते एकेकाला. लिहीत नाही काही.”

“दुरुस्ती केली की त्यावर तारीख पडतेच ना. आपले सरकारी कागद कोणीही मागवू शकतं.” तो थांबला. “नोकरी गेली की व्हिसा गेला. साठ दिवसांत सामान बांधायचं. घरी अनयाला पाचवा महिना चालू आहे.”

“आणि या सहा आठवड्यांत कुठे दुसरा कोणी...”

“मला कळत नाही का ते? त्याला बाहेर काढलं तेव्हा मी तिथेच होतो.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “तरीही मागतोय, काकू.”

अस्मिताबाईंच्या हातातला फोन तसाच राहिला.

तेवढ्यात एक तरुण बाई लगबगीनं त्यांच्यापाशी आली. गळ्यातल्या कार्डावर ‘पहिलं वर्ष’ अशी हिरवी पट्टी होती.

“तुम्हीच अस्मिता ना? मी दोन महिन्यांपूर्वीच लागले. सोमवारी पहिली शेड तपासायची आहे आणि मला ओ की ठो कळत नाही. ऑफिसात विचारायला कोणी नाही. सगळे म्हणतात, तुमच्याकडे चांगला फॉर्म आहे.”

अस्मिताबाईंनी यशोधनकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

“आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचा मेलचा पत्ता सांगा.”

बाईनं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. अस्मिताबाईंनी तितक्याच सावकाश ते टाइप केलं. फॉर्म सापडायला क्षणभरही लागला नाही. त्यांनी तो होता तसाच पाठवला. बाईच्या फोनवर लगेच टिंग वाजलं.

“मिळाला,” ती म्हणाली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखा तिनं श्वास सोडला. मग कॉफीच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यातली हिरवी पट्टी तिला दिसली.

“तूही नवीन ना?” तिनं त्याला विचारलं. “थांब, तुला पाठवते.”