बिनआवाजाची गाडी

"सुरू झाली का हो मॅडम?" तिसऱ्या ड्रायव्हरनेही तेच विचारलं आणि कान डॅशबोर्डकडे नेला. गाडी केव्हाच सुरू झाली होती. त्याने खात्री करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी थेट समोरच्या टायरांच्या ढिगात घुसली. शेजारी बसलेल्या तिने आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबेपर्यंत उशीर झाला होता; तिने कपाळाला हात लावला. सकाळपासून एकही जण पास झाला नव्हता.

ती गाड्या बनवणाऱ्या कंपनीची ट्रेनर होती. कंपनीने पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी विजेची गाडी काढली होती, आणि पहिली मोठी ऑर्डर या टॅक्सीवाल्यांची होती. जुन्या टॅक्सी भंगारात जाणार होत्या. चाचणीत पास होईल त्याला नवी गाडी, बाकीच्यांनी घरी बसायचं. पास की नापास हे तिने ठरवायचं.

चौथे होते तिचे सख्खे मामा. "साहेब, यांची चाचणी दुसऱ्या कुणाला तरी द्या," असं तिने आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं. "दुसरं माणूस आणू कुठून?" साहेबांनी विषयच संपवला होता.

मामांनीच तिला गाडी शिकवली होती. "डोळे फसतात पोरी. इंजिन काय म्हणतंय ते ऐक, मग गियर टाक." बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगायचे. सगळा टॅक्सी स्टँड त्यांना डॉक्टर म्हणायचा. ज्यांना कानाची सवय कमी, तेही इथे गडबडत होते, मग मामांचं काय होणार? त्यांच्या धाकटीचं कॉलेज अजून अर्धं बाकी होतं. तिचा जीव टांगणीला लागला.

मामा बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी स्टिअरिंग पुसलं, कुठल्याही गाडीत बसले की पुसायचे तसं. पट्टा लावला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागल्याचं पाहिलं आणि निघाले. कान नेला नाही, काही विचारलं नाही. वळण, चढ, मध्येच थांबणं, सगळं लोण्यासारखं. ती बघतच राहिली.

"मामा, आवाज नाही तर चुकल्यासारखं नाही वाटत?"

मामांची नजर रस्त्यावर होती. त्यांनी पुढचं वळण अलगद घेतलं. तिला मामीचं बोलणं आठवलं. "तुझे मामा हल्ली साधू झालेत बाई! शंभर हाका मारा, ओ म्हणून देत नाहीत." ती मनातल्या मनात हसली. थांब्यापाशी गाडी उभी राहिल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं. या वेळी मामांनी मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"सवय होते गं," ते म्हणाले.

आता फक्त गाडी मागे घ्यायची राहिली होती. ते झालं की पास. मागचं दाखवणारा कॅमेरा या गाडीत नव्हता. किंमत खाली आणायची म्हणून तो काढून टाकला होता आणि नुसता भोंगा ठेवला होता. मागे काही आलं की तो गाडीत ओरडायचा. हे ठरलं त्या मीटिंगमध्ये तिनेही होकाराचा हात वर केला होता. आवाज येतोय ना, मग कॅमेऱ्याचे लाड कशाला?

मामांनी दोन्ही आरसे पाहिले आणि गाडी मागे घ्यायला लागले. तेवढ्यात मघाचा नापास ड्रायव्हर, चाचणीचा रस्ता आखायला ठेवलेला आणि वाऱ्याने पडलेला लाल शंकू उचलायला म्हणून गाडीच्या मागेच वाकला. त्याला गाडीची चाहूल लागली नाही. आरशातून तो दिसेनासा झाला. भोंगा ओरडायला लागला.

मामा मागेच चालले होते. भोंगा कर्कश झाला. मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"मामा!" ती किंचाळली आणि तिच्या बाजूचा ब्रेक तिने अंगातलं सगळं बळ लावून दाबला. गाडी गचकन थांबली. मागचा माणूस शिव्या देत उठला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

मामांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. "काय गं? ब्रेक का मारलास? छान चालली होती की!"

भोंगा अजून ओरडत होता. त्या टीचभर जागेत कानठळ्या बसत होत्या, आणि मामा शांतपणे तिच्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.

तिने हात लांबवून गाडी बंद केली. भोंगा थांबला. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिला खात्री करून घ्यायची होती, आणि आपली शंका खोटी ठरावी असंही फार वाटत होतं. रोजच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "मामा, मी तुम्हाला पास करू शकत नाही."

तिच्या पाठीमागून रुमाल झटकल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं, तर मामा स्टिअरिंग पुसत होते, नवी गाडी आपलीच झाल्यासारखं, मन लावून.

"अगं, बोल की काहीतरी," ते हसत म्हणाले. "तूही या गाडीसारखी मुकी झालीस की काय?"