अम्माचा अंगठा

अम्माला नवा फोन घेऊन दिला. जाहिरातीत म्हटलं होतं, नुसतं बोट टेकवलं की उघडतो, लहान मूलसुद्धा वापरेल. पण पस्तीस वर्षं विड्या वळून अम्माच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. नोंदणीसाठी तिनं अंगठा टेकवला की फोन म्हणायचा, "बोट पुसून पुन्हा ठेवा."

अम्मा पदराला अंगठा पुसायची, पुन्हा टेकवायची. शेवटी वैतागून म्हणाली, "चेतना, सही येत न्हाय म्हणून जलमभर अंगठाच दिला की. आता त्योबी चालत न्हाय व्हय?"

मी रागानं कंपनीच्या साइटवर लिहिलं, "वापरायला एकदम फालतू फोन." कंपनीचं उत्तर आलं, "कृपया बोटं स्वच्छ ठेवावीत."

दिवाळीत अम्माला अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून चार महिने तिचा उजवा हात गादीवर तसाच पडून आहे. काल नखं कापताना अंगठ्यावर बारीक बारीक रेषा उमटलेल्या दिसल्या, म्हणून तो उचलून फोनवर टेकवून पाहिला.



फोननं एकदाही बोट पुसायला सांगितलं नाही.