चौथा बोल्ट

प्रेस मशीनवरची बोटं वाचवणारी जाळी मालकाच्या डोळ्यांत खुपत होती. तिच्यामुळे म्हणे काम रेंगाळायचं. त्याने ती काढून टाकायला सांगितली. फिटरने तीन बोल्ट काढले. चौथ्याचं डोकं मात्र झिजून गोल झालेलं. पाना नुसताच फिरू लागला.

“वीस वर्षं पाना हलवलात की पाळणा?” मालक सगळ्यांदेखत खेकसला. “आता कापत बसलात तर मशीन दिवसभर बंद! राहू दे ती जाळी. बिनकामाचा माणूस!”

सगळे फिदीफिदी हसले. त्याच मशीनवर काम करणाऱ्या फिटरच्या सुनेने तेवढी मान खाली घातली.

 

फिटरने निमूट तिन्ही बोल्ट पुन्हा आवळले, आणि सकाळी ज्या कानशीने चौथ्याचं डोकं गोल केलं होतं, ती खिशात आणखी खोल सरकवली.