संशोधनाचा विषय

संशोधकांच्या वाचनालयाचं कार्ड हवं तर आधी मुलाखत द्यावी लागते. म्हातारी ओडेत विषय पाठ करूनच आली होती. "फ्रेंच साहित्यातला गुन्हा."

"त्यातला कोणता?" ग्रंथपाल तिफेननं विचारलं.

"रुबे शहरातल्या कालव्यावर एका मुलीचा खून झाला होता, तो."

तिफेन एकदम खुलली. "अहो मादाम, त्यावर तर ढीगभर आहे! कादंबऱ्या, नाटक, प्रबंध. खुनी तर एकेकानं असा रंगवलाय, की वाचताना त्याचीच दया येते."

"मला ती मुलगी हवीय. मरताना ती काय बोलली, ते कशात सापडेल?"

"प्रत्येकात वेगळं आहे. एका कादंबरीत ती देवाचा धावा करते, दुसरीत आईला हाका मारते. नाटकात तर चक्क त्याला माफ करून टाकते."

"आईला हाका मारते... ते खरं आहे?"

तिफेन हसली. "लेखकानं मनानंच लिहिलं असणार हो. खरं हवं असेल, तर पुस्तकं कशाला? तिच्या घरच्यांनाच विचारा ना."

ओडेतनं कोटाची बटणं लावली.

"मी तिच्या घरूनच आलेय, पोरी."