आत काय ठेवलंस?

भूकंपासारखे हादरे देणाऱ्या चाचणीच्या टेबलावर रेवणचं गुडघाभर उंचीचं दगडमातीचं घर उभं होतं. भूकंपात टिकेल अशी भिंत हा त्याच्या संशोधनाचा विषय. आधीची दोन घरं याच टेबलावर कोसळली होती.

"आत काय ठेवलंस?" उकिडवे मॅडमनी विचारलं. त्यांच्या प्रयोगशाळेचा रिवाजच होता तो. चाचणीआधी ज्याने त्याने आपली लाडकी वस्तू घरात ठेवायची. जिथे आपलं काही ठेवायला मन धजत नाही, ते घर लोकांना राहायला कसं द्यायचं?

रेवणने मान खाली घातली. पहिल्या घराखाली आजोबांचं घड्याळ चिरडलं होतं, दुसऱ्याखाली बहिणीने दिलेला कप. "या वेळी काहीच नाही, मॅडम. धीर होत नाही."

मॅडमनी नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा काढला आणि चिमुकल्या दारातून आत सरकवला. "कर सुरू."

टेबल थरथरलं, दगड करकरले. मग सगळं शांत झालं.

"उभं आहे का रे?" मॅडमनी विचारलं. चष्म्याशिवाय त्यांना समोर नुसता उजेड दिसत होता.

रेवणने त्याच चिमुकल्या दारातून हात घातला, चष्म्यावरची माती सदऱ्याला पुसली आणि तो त्यांच्या हातात ठेवला.