पाठीमागचे चिमटे

कुर्ती पायलच्या खांद्यावरून घसरली आणि हरेशभाईंचा चेहराच उतरला.

"ये क्या किया, बेटा? माप घेतलं तेव्हा तू चांगली भरलेली होतीस. बाकीची कुठे गेली?"

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्यांच्या शिलाई कारखान्याच्या माळ्यावर पांढरा पडदा ताणला होता, मोठे दिवे लागले होते. मोठ्या मापाच्या कुर्त्यांचा दिवाळीचा बोर्ड करायचा होता. तो त्यांच्या दुकानावर झळकणार होता आणि त्यावर पायल असणार होती. दीड महिन्यापूर्वी ती दुकानात खरेदीला आली, तेव्हा हरेशभाईंनीच तिला हेरलं होतं. मास्टरनं तिथल्या तिथं माप घेऊन तिच्या अंगाबेताची ही मोरपंखी कुर्ती शिवली होती. थ्री एक्सेल.

आता फोटो निघणार म्हटल्यावर अंबरनाथच्या तिच्या घरानं जे करायचं तेच केलं. मॉडेल म्हणजे बारीक, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. आज तिच्यासोबत आलेल्या आई चांगुणाबाईंनी तिचा भात बंद केला. भाऊ राजरत्न तिला रोज पहाटे चिखलोलीपर्यंत पळवू लागला. वडिलांनी, म्हणजे किसनरावांनी, तिच्यासमोर वडापाव खाणं सोडलं. कोपऱ्यावर जाऊन खात होते, तो भाग वेगळा. बोर्डाची बातमी बदलापूरच्या मावशीपर्यंत पोचली होती. पायलनं काकडी चावत दीड महिना काढला आणि आता त्या मेहनतीचं फळ तिच्या कमरेभोवती घोळत होतं.

"टेन्शन नको घेऊ," फोटो काढणारी प्राची म्हणाली. ती शिरगावची, अशा कामात मुरलेली. तिनं पिशवीतून कपडे वाळत घालायचे चिमटे काढले, पायलच्या पाठीमागं जास्तीचं कापड चुणून घेतलं आणि एकेक चिमटा लावत गेली. पुढून कुर्ती अशी चापूनचोपून बसली की बघत राहावं. प्राचीनं एक फोटो काढून लगेच दाखवला.

पायलनं कॅमेरा जवळ ओढला. ही आपण? आजवर तिच्या प्रत्येक कपड्याची शिवण उसवून वाढवावी लागली होती. कापड जास्त झालंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. हा फोटो दुकानावर लागला की येणारे जाणारे मान वर करून बघतील, आणि मावशी तर बदलापूरहून खास रिक्षा करून येईल.

"असं सगळ्यांनाच लावतात का?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना. ती बघ ना," प्राचीनं भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या बोर्डाकडे हनुवटीनं दाखवलं. "ती एवढीशी होती. थ्री एक्सेल घातली तिला, पाठीवर चिमट्यांची रांग नुसती."

पायलनं वळून बघितलं. लिंबू रंगाची कुर्ती, कमरेवर हात, हसरा चेहरा. हाच फोटो मोबाइलवर बघून तिनं ती कुर्ती मागवली होती. आरशासमोर पुढून बघितली, बाजूनं बघितली, पोट आत ओढून श्वास कोंडून बघितली. फोटोतल्यासारखी ती काही दिसली नाही. त्या दिवशी पायल चुलत बहिणीच्या हळदीला गेलीच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. कुर्तीला नावं ठेवायची सोडून तिनं स्वतःलाच ठेवली होती.

आणि ती कुर्ती त्या मुलीलासुद्धा बसत नव्हती.

पायलला हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग खदाखदा. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला टाकावा, तसं तिला हलकं वाटलं. हरेशभाई गोंधळून प्राचीकडे बघायला लागले.

"चिमटे काढ, प्राची," पायल म्हणाली.

हरेशभाई कळवळले. ढगळ दिसेल, बोर्ड छपाईला जायचाय, फार नखरे असतील तर कल्याणची एक मुलगी अर्ध्या तासात येते, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ते तसं करतील, हे पायलला पक्कं ठाऊक होतं. कॅमेऱ्यातला तो फोटो किती सुंदर आला होता.

"बोर्डवर थ्री एक्सेल लिहिणार ना, भाई? मग आतली बाईपण थ्री एक्सेलच पाहिजे." तिनं जिन्याजवळच्या परत आलेल्या पार्सलांच्या ढिगाकडे बोट केलं. "गेल्या साली त्यात एक माझं होतं. मला वाटलं, माझंच अंग चुकलंय."

हरेशभाई रोज त्या ढिगाला वळसा घालून वर यायचे. आज त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग कान खाजवला, प्राचीकडे बघितलं, पुन्हा ढिगाकडे बघितलं.

"पंद्रह दिन देतो," ते शेवटी म्हणाले. "तेवढ्यात कुर्ती भरली पाहिजे. नाहीतर मैं दुसरी बुलाऊंगा."

कमी व्हायला दीड महिना लागला, पण भरायला पंधरा दिवस पुष्कळ झाले, याबद्दल पायलच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती पुन्हा हसायला लागली.

चांगुणाबाई इतका वेळ स्टुलावर पर्स धरून बसल्या होत्या. चिमट्यांचं सगळंच काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, पण हे शेवटचं बरोबर आलं. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि घरी फोन लावला.

"अहो, ऐकता का? जाऊन मटण आणा. आणि तांदूळ जरा जास्त धुवा," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "पोरगी मॉडेल होतेय."